डोंगरीतून बाहेर

26 ऑक्टोबर 1882 रोजी मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून दोन कैदी सुटले. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीबद्दल टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली होती. त्यातले 101 दिवस भोगून ते बाहेर आले. स्वागताला माणसे जमली होती, पुढे सत्कार झाले आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. खटला चालू असताना जामिनाची रक्कम उभी राहत नव्हती, तेव्हा जोतीराव फुल्यांनी रामशेठ उरवणे यांना जामीनदार म्हणून पुढे केले, ही हकीकत महाराष्ट्राला चांगलीच ठाऊक आहे. तिच्यापुढची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. उमरखाडीचा तो तुरुंग पुढे मुलांचे रिमांड होम झाला. ज्या दगडी भिंतींतून टिळक-आगरकर बाहेर पडले, त्याच भिंतींतून नंतर कित्येक पिढ्यांतली पोरे बाहेर पडली. कोणी खिसा मारला होता, कोणी सायकल उचलली होती, कोणी मारामारीत दगड हाणला होता. त्यांच्यासाठी दारात कोण उभे होते, हा प्रश्न इतिहासाने क्वचितच विचारला. गुन्ह्यात सापडलेल्या पोराला पुन्हा माणसांत आणण्याचे आपल्याकडचे प्रयत्न पावणेदोनशे वर्षांचे आहेत, पण ते नेहमी आतल्या खोलीच्या अंगाने सांगितले जातात. कोठडीची शाळा कशी झाली, शाळेचे गृह कसे झाले, कैद्याचा विद्यार्थी आणि विद्यार्थ्याचा ‘लाभार्थी’ कसा झाला, असा तो क्रम असतो. माझे म्हणणे असे की या साऱ्याचा निकाल खोलीत लागलाच नाही, तो दारात लागला. सुटणाऱ्या पोराला ताब्यात घेणारे एक माणूस हवे, ही जाण प्रत्येक कायद्यात आहे. त्या माणसासाठी प्रत्येक कायद्याने एक रिकामी जागा सोडली, आणि बहुतेक वेळा ती रिकामीच राहिली.

सुरुवात 1850 च्या 19 व्या कायद्यापासून, म्हणजे ॲप्रेंटिस कायद्यापासून करावी लागते. तेव्हा भारतीय दंड संहिता यायला दहा वर्षे होती. दहाच्या वरच्या आणि अठराच्या आतल्या मुलाला बापाने किंवा पालकाने एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून बांधून द्यावे, करार सात वर्षांपेक्षा जास्त नसावा आणि एकविसाव्या वर्षापलीकडे जाऊ नये, अशी त्यात तरतूद होती. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कलम पुढचे आहे. मूल अनाथ असेल, टाकलेले असेल, भटकताना किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेले असेल, तर मॅजिस्ट्रेटनेच त्याचा पालक व्हायचे आणि त्याला कुणा उस्तादाच्या हाताखाली द्यायचे. जहाजाच्या मालकाकडेही देता येत असे. शिक्षा म्हणून सरकारने पोराला कामाला जुंपले, असे आज वाचताना वाटते, आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. तरी या कायद्यात एक गोष्ट सरळ होती. पोराला कुठे ठेवायचे याच्या आधी कोणाच्या हाती द्यायचे, हे ठरवावे लागे. करारावर मालकाचे नाव लिहिल्याशिवाय कागद पुरा होत नसे.

अडचण अशी की गुन्ह्याचा डाग लागलेले पोर घ्यायला उस्ताद रांग लावत नव्हते. सुताराच्या पडवीत बसणारे उमेदवार पोर त्याच्या जातीचे, नात्यातले किंवा निदान गावचे असायचे. हत्यारे, लाकूड, ग्राहकाचे घर, सगळे त्याच्या भरवशावर सोडायचे असते. पोलिसाने आणून दिलेल्या अनोळखी पोराला हा भरवसा कोण देणार? म्हणून उस्तादाची जागा संस्थेने घेतली. मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांच्या पुढाकाराने 1850 च्याच सुमारास स्कूल ऑफ इंडस्ट्री निघाले. हेच बुइस्ट 1857 च्या उठावात हिंदी लोकांवर इतकी आग ओकत होते की त्यांना संपादकपदाला मुकावे लागले. रस्त्यावरच्या हिंदी पोराची कणव आणि हिंदी माणसाचा तिटकारा एकाच डोक्यात नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही. 1857 मध्येच डेव्हिड ससून यांच्या देणगीने ही शाळा डेव्हिड ससून इंडस्ट्रियल अँड रिफॉर्मेटरी इन्स्टिट्यूशन झाली. बगदादहून आलेल्या या ज्यू व्यापाऱ्याची संपत्ती कापसाची तशीच चीनला जाणाऱ्या अफूचीही होती. पैसा कुठून आला हा प्रश्न बाजूला ठेवला तरी नावातली जोडी ध्यानात घेण्यासारखी आहे. हुन्नर आणि सुधारणा एकाच पाटीवर आले. हाताला काम शिकवले की मन आपोआप वळणावर येते, हा एकोणिसाव्या शतकाचा पक्का विश्वास होता. फ्रान्समध्ये 1840 साली निघालेल्या मेत्रेच्या मुलांच्या सुधारवसाहतीपासून ब्रिस्टलला सुधारशाळा काढणाऱ्या मेरी कार्पेंटरपर्यंत तो सगळीकडे दिसतो, आणि आपल्याकडच्या रिमांड होममध्ये आजही शिवणयंत्र आणि सुतारकामाचे टेबल कोपऱ्यात असते ते त्याच विश्वासाचे अवशेष म्हणून.

1876 च्या आणि मग 1897 च्या रिफॉर्मेटरी स्कूल्स कायद्याने या संस्थेला रीतसर चौकट दिली. 1897 च्या कायद्यानुसार पंधरा वर्षांच्या आतला मुलगा (मुलींचा विचारच नव्हता) तुरुंगाऐवजी अशा शाळेत तीन ते सात वर्षे ठेवता येई; अठरा पुरी झाल्यावर मात्र ठेवता येत नसे. या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. मोठ्या माणसाला ज्या चोरीबद्दल काही महिने मिळाले असते, तिच्याबद्दल बारा वर्षांच्या पोराला किमान तीन वर्षे मिळत, कारण ही शिक्षा नव्हे, शिक्षण आहे, असे कायद्याचे म्हणणे होते. हितासाठी कोंडायचे ठरले की मुदतीला धरबंध राहत नाही. शाळेत काय असावे हेही कायद्याने सांगितले: रात्री मुलांना वेगवेगळे झोपवण्याची सोय, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण, हुन्नर शिकवण्याची साधने आणि आजाऱ्यांची खोली. पुण्याजवळ येरवड्याला अशी शाळा होती. त्याच कायद्यात एक कलम मात्र वेगळ्याच मनाने लिहिल्यासारखे वाटते. चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलाला परवान्यावर बाहेर सोडता येई, पण ‘विश्वासू आणि प्रतिष्ठित’ असा कोणी त्याला आपल्याकडे ठेवून धंद्याला लावायला तयार असला तरच. परवाना तीन महिन्यांचा, पुढे वाढवून मिळे. मुलगा बिघडला तर तो रद्द व्हायचा आणि मालकाने छळले तरीही रद्द व्हायचा. म्हणजे सात वर्षांच्या भिंती बांधणाऱ्या कायद्यालाही आतून कळत होते की शेवटी एक माणूस शोधावाच लागेल. 1850 सालचा उस्ताद इथे पुन्हा आला, पण आता आधी नव्हे, शेवटी; आणि कायद्याच्या मध्यावर नव्हे, एका कोपऱ्यात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. उस्तादाच्या हाती पोर देणे म्हणजे वेठबिगारीच, तिचे गुणगान कशाला? सात वर्षांच्या करारात पोराला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती, आणि मॅजिस्ट्रेट पालक झाला तर मालकाविरुद्धची तक्रार त्याने कोणाच्या कानावर घालायची? हे मान्यच केले पाहिजे. याहून वाईट चित्र गुन्हेगार जमाती कायद्यात दिसते. 1871 च्या या कायद्याने काही जमाती जन्मानेच संशयित ठरवल्या. 1911 च्या सुधारणेनंतर सहाच्या वरच्या आणि अठराच्या आतल्या मुलांना आईबापांपासून तोडून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत टाकण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्या मुलांनी काहीही केलेले नव्हते. सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तिथे हजेरी होती, परवानगीशिवाय बाहेर पडायला बंदी होती आणि गिरणीत मजुरी होती. कायदा 1952 साली गेला, कुंपण गेले, पण सोलापूरकर त्या भागाला अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ 1987 मध्ये आले तेव्हा मराठी मध्यमवर्गाला या जगण्याची जाग आली, तीही पुस्तक हाती घेणाऱ्यांपुरती. तेव्हा ‘पोराला कोणाच्या तरी हाती द्या’ हे वाक्य सरकारच्या तोंडी धोक्याचे असते, हे कबूल. फक्त सोलापूरच्या वसाहतीने उलटेही दाखवले. तिथे सरकारने पोराला माणूस दिला नाही, असलेली माणसे काढून घेतली. आई, बाप, मामा, तांड्यातली म्हातारी ही त्याची दारातली माणसे होती आणि कायद्याने नेमके तेच दार बंद केले. उस्तादाकडच्या करारात दोष माणसाचा नव्हता. पोराच्या बाजूने त्या माणसावर नजर ठेवणारे दुसरे कोणी नव्हते, हा होता.

हे दुसरे कोणीतरी विसाव्या शतकात मिळाले. 1919-20 च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये आणि रिमांड होम यांची शिफारस केली. मद्रासने 1920 मध्ये कायदा केला, बंगालने 1922 मध्ये, मुंबईने 1924 मध्ये. मुंबई शहरात अंमल सुरू व्हायला 1927 उजाडले आणि त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. आता मुलासमोर पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्याखेरीज तिसरा माणूस आला: प्रोबेशन ऑफिसर, सरकारी मराठीत परिविक्षा अधिकारी. याचे काम पोराच्या घरी जाण्याचे. चाळीत कोण कोण राहते, बाप काय करतो, शाळा कधी सुटली, शेजारी काय म्हणतात, हे त्याने लिहून आणायचे. 1936 मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क नागपाड्याला सुरू झाले, तेव्हा या कामासाठी शिकलेली माणसे तयार होऊ लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा हीच. भिंत नव्हे, शिवणयंत्र नव्हे, तर दार ठोठावून आत बसणारा, चहा घेणारा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येणारा एक अधिकारी. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभे केल्यापासून 15 दिवसांत या अधिकाऱ्याने सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. तो कसा लिहिला जातो, यावर पोराचे पुढचे बरेच काही ठरते. ‘वडील व्यसनी, परिस्थिती हलाखीची’ या एका ओळीत आटोपलेला अहवाल आणि ‘मोठी बहीण शिवणकाम करते, तिचे हा ऐकतो’ अशी एक ओळ जास्त असलेला अहवाल, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्यात दारात उभे राहणारे माणूस सापडलेले असते.

दरम्यान नावे बदलत गेली, आणि त्यावर आपण जरा जास्तच खर्च केला. बालगुन्हेगाराचा ‘अपचारी बालक’ झाला, त्याचा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ झाला. हा शेवटचा शब्द ज्याला लागू आहे त्या पोराला तो एका दमात म्हणता येईल का, अशी शंका आहे. रिमांड होमचे निरीक्षण गृह झाले, प्रमाणित शाळेचे विशेष गृह, आणि सुटल्यानंतरच्या आश्रयाचे अनुरक्षण गृह. वस्तीत मात्र ते ‘बच्चा जेल’च राहिले आणि सुखवस्तू घरांतल्या आया अजून पोरांना ‘रिमांड होममध्ये टाकीन’ असाच दम भरतात. शब्द बदलू नयेत असे नाही. पोराला गुन्हेगार म्हणायचे नाही हा निर्णय योग्यच. पण पाटी रंगवायला जितका उत्साह दिसला, तितका पाटीखालच्या दारासाठी दिसला नाही. 1986 चा पहिला देशव्यापी बाल न्याय कायदा, 2000 चा दुसरा आणि 2015 चा तिसरा, यांत वय, मंडळाची रचना आणि गुन्ह्याचे प्रकार यांवर घनघोर चर्चा झाली. सुटल्यानंतरच्या आधारासाठी 2015 च्या कायद्यात कलम 46 आहे: संस्था सोडणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला समाजात मिसळता यावे म्हणून आर्थिक साहाय्य ‘देता येईल’. ‘द्यावे’ नव्हे. एका क्रियापदात सगळी कहाणी आली.

दुसरा आक्षेप आज जास्त जोरात ऐकू येतो: एवढी कणव कशाला, ज्याचे नुकसान झाले त्याचे काय? डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारातला एक आरोपी अल्पवयीन निघाला, तेव्हा हा प्रश्न रस्त्यावर आला. न्यायमूर्ती वर्मा समितीने वयाची मर्यादा खाली आणायची शिफारस केली नाही, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बदलायला नकार दिला, तरी 2015 च्या कायद्याने निर्घृण गुन्ह्यातल्या 16 ते 18 वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोघांचा जीव गेला. जामीन देताना, ती चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले आणि महाराष्ट्र उसळला. तो संताप समजण्यासारखा होता, मीही त्याला नावे ठेवणार नाही. पण त्या संतापातून निघालेला ‘मुलांचा कायदाच फार मऊ आहे’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. जामीन हा नियम, तो मुलाला विश्वासाच्या माणसाच्या किंवा परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली द्यावा, ही तरतूद सगळ्या मुलांसाठी आहे. निबंधाची अट हास्यास्पद ठरली, कारण मुलाने आता कोणाला उत्तर द्यायचे, हे ती सांगत नव्हती. आणि दुखरी गोष्ट अशी की ज्याच्या मागे वकील, घर आणि गोतावळा आहे त्याच्यासाठी ती रिकामी जागा आपोआप भरते. ज्याचा बाप नाक्यावर रोजंदारीला उभा असतो, त्याच्यासाठी ती भरण्याचे काम सरकारचे होते. कायदा कडक केला म्हणजे या दोन पोरांतले अंतर कमी होत नाही. पीडिताचे नुकसान भरून देणे हे वेगळे, तितकेच महत्त्वाचे काम आहे. ते पोराची वर्षे वाढवून होत नाही.

आता दाराबाहेरच्या कागदाकडे. पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा होतो, सुरक्षारक्षक, चालक किंवा पोलीसभरतीचा अर्ज भरतो, आणि चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात एक रकाना येतो: आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय? खरे लिहिले तर अर्ज बाजूला पडतो, खोटे लिहिले तर माहिती दडवली म्हणून पडतो. 2015 च्या कायद्याचे याबाबतचे बोलणे स्पष्ट आहे. कलम 24 सांगते की अशा दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येणार नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट कराव्यात. अपवाद फक्त प्रौढासारखा खटला चाललेल्यांचा. कलम 3 मधल्या तत्त्वांत तर ‘नव्याने सुरुवात’ हे नावानिशी एक तत्त्व आहे. 2019 मध्ये एका उमेदवाराला अल्पवयात दाखल झालेल्या खटल्यावरून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात घ्यायला नकार दिल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने उमेदवाराची बाजू उचलून धरली. इथे मालकांचा आक्षेप असतो: माझ्या गोदामाच्या किल्ल्या मी कोणाला देतो, हे मला कळायला नको? 1850 मध्ये सुताराने नेमके हेच विचारले असते. त्याच्या शंकेत तथ्य होते, पण तेव्हा तिचे उत्तर नोंद लपवून नव्हे, मध्यस्थाने दिले जाई. ‘पोरगा माझा, काही झाले तर मला विचारा’ असे म्हणणारा कोणी असला की उस्ताद तयार होई. कायद्याने विस्मरण दिले, जे पूर्वी कधीच नव्हते आणि जे फार मोलाचे आहे. पण मध्यस्थ दिला नाही. विस्मरण कागदावर होते. वस्तीला आणि चौकीला सगळे आठवत असते.

राहिला सर्वांत जुना आक्षेप: ही पोरे सुधारतात कुठे? त्याचे उत्तर इतिहास देऊ शकत नाही, याला कारण इतिहासाच्या साधनांतच आहे. जो पुन्हा सापडतो त्याची दुसरी नोंद होते, तिसरी होते, बातमी होते. त्याचे नाव तुरुंगाच्या रजिस्टरात चढते आणि शंभर वर्षांनी संशोधकाला सापडते. जो पुन्हा सापडत नाही, जो भायखळ्याला मेकॅनिकच्या हाताखाली लागतो, लग्न करतो, पोरांना शाळेत घालतो, त्याची कुठेच नोंद होत नाही. आता तर असलेली नोंदही नष्ट करायची असते. म्हणजे अपयशाचे दप्तर गच्च भरते आणि यशाचे कोरे राहते. आगरकरांनी आपल्या 101 दिवसांचे पुस्तक लिहिले, कारण तो तुरुंगवास त्यांना मिरवता येत होता. त्याच इमारतीत पुढे राहिलेल्या पोरांना तो लपवायचा होता, आणि ज्यांना लपवता आला त्यांच्यापैकी कितीतरी जण आज नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडायला जात असतील, डोंगरीचा विषय निघाला की पुढच्या थांब्याबद्दल बोलत असतील.